फिशफाइंडरवर दिसतायत ते मासे की नुसता गोंगाट? महागडं मशीन घेण्याआधी हे मोजा

जानेवारी 2025 पासून राज्याच्या किनाऱ्यावर अनधिकृत मासेमारीवर ड्रोनची नजर आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तंत्रज्ञानाचा विषय निघाला की ड्रोन, पर्ससीन जाळी आणि 2017 मध्ये केंद्राने बंदी घातलेली एलईडी मासेमारी यांवरच वाद रंगतो. पण छोट्या नौकेवाल्याच्या खिशाला लागणारा एक प्रश्न पाण्याखाली आहे. फिशफाइंडरच्या स्क्रीनवरचा ठिपका खरंच मासा आहे का? चुकीच्या ठिपक्यामागे गेलं की डिझेल जातं, बर्फ जातो आणि खलाशांचा दिवसही.

मशीन नेमकं काय करतं?

नौकेच्या तळाचा ट्रान्सड्युसर साधारण 50 किंवा 200 किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. म्हणजे 30 मीटर खोलीवरून प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परत येतो. पण तो फार क्षीण असतो. आजूबाजूचा गोंगाट त्याहून मोठा असेल, तर असलेला मासा दिसत नाही आणि नसलेला दिसतो.

दोषी कोण?

इंजिनाची धडधड कानाला मोठी वाटते, पण ती बरीचशी कमी फ्रिक्वेन्सीची असते. खरा त्रास तिघांचा: पंख्याने उठणारे बुडबुडे, अल्टरनेटर-इन्व्हर्टरचा विजेचा गोंगाट आणि शेजारच्या नौकेचा त्याच फ्रिक्वेन्सीचा फिशफाइंडर.

मग जास्त वॅटचं मशीन घ्यायचं?

इथेच पैसे वाया जातात. पाण्यात शोषला जाणारा ध्वनी बाजूला ठेवला, तरी एकट्या माशासाठी पल्ला दुप्पट करायला 12 डेसिबल लागतात, म्हणजे 16 पट ताकद! 600 वॅटचं मशीन बदलून 1200 वॅटचं घेतलं, तर पल्ला जेमतेम 19 टक्के वाढतो. उलट गोंगाट 12 डेसिबलने कमी केला, तर जुनंच मशीन दुप्पट लांबचं दाखवेल.

मोजायचं कसं?

मोबाइलवरचं डेसिबल अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. फोनचा माइक साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. नेमका आकडा हवा तर हायड्रोफोन लागतो. त्यातही पाण्यातले डेसिबल 1 मायक्रोपास्कलवर मोजतात आणि हवेतले 20 वर, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करू नका.

पण तुलनेपुरती चाचणी फुकट होते. सेन्सिटिव्हिटी एकाच जागी ठेवा, ऑटो बंद करा आणि स्क्रीनचा व्हिडिओ काढा:

1. इंजिन बंद, मशीन बॅटरीवर. तरीही रेघा दिसल्या तर शेजारचा फिशफाइंडर किंवा नौकेवरचं दुसरं उपकरण तपासा.
2. इंजिन न्यूट्रलमध्ये. आता रेघा वाढल्या तर अल्टरनेटर, वायरिंग आणि अर्थिंग बघा.
3. नौका चालवून वेग हळूहळू वाढवा. वेगाबरोबर ठिपके वाढले तर बुडबुडे. ट्रान्सड्युसरची जागा बदला किंवा पंखा तपासून घ्या.

तांडेलाच्या अनुभवाला पर्याय नाहीच. पण घरातल्या कुणी नव्या मशीनसाठी कर्ज काढायचं म्हटलं, तर आधी हे तीन व्हिडिओ दाखवा.