गावकीला ‘नाही’ म्हण

दोस्ता, शिमग्याला तू मुंबईहून रत्नागिरीला गावी जातोस. पालखी नाचते, ढोल वाजतो. आणि कुठं गावकी बसते नि एखाद्या घराला वाळीत टाकते. किराणा बंद, दळण बंद, बोलणं बंद. टाकणारे चारजण, पाळणारं अख्खं गाव. खरा मार त्या पाळण्यातच आहे.

शेजारचं महाड आठव. 1927 च्या डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला कुणी जागा देईना, वाणी दाणा विकेना. फत्तेखान नावाच्या माणसानं आपली जमीन दिली. मंडप तिथं पडला. 25 डिसेंबरला मनुस्मृती तिथंच जळाली.

तुझ्या हातात काय आहे? वाळीत टाकलेल्याच्या पडवीत बसून चहा पी. त्याच्या मयताला खांदा दे. पोलिसात साक्ष दे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. पण साक्षीला कुणी उभाच राहिला नाही तर कायदा नुसता कागद.

आणि आपलीच भावकी कुणाला टाकत असेल तर आधी तिच्यापुढं उभा राहा. भिंतीवर बाबासाहेब आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद, हा धंदा चालायचा नाही.

जय भीम!