दिव्याखाली अंधार

सामना ज्या नगरात खेळला जातो त्याच नगरातील घरांत त्याचे चित्र दिसू नये आणि हजार मैलांवरच्या परक्या माणसाला मात्र ते सुखेनैव पाहता यावे, ही व्यवस्था विपरीत वाटेल. अमेरिकेत ती गेली सात दशके या ना त्या रूपाने नांदत आली आहे. तिचे समर्थन मात्र काळानुसार पालटत गेले, आणि या पालटण्यातच तिचे खरे स्वरूप उघड होते.

आरंभीचा युक्तिवाद सरळ होता. संघांचे उत्पन्न तिकीटविक्रीवर चाले; घरबसल्या फुकट सामना दिसू लागला तर मैदानाकडे फिरकणार कोण? १९५३ साली एका संघीय न्यायालयाने तिकीटविक्रीच्या रक्षणासाठी असे निर्बंध वाजवी ठरविले, आणि १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने त्यांना विधिमंडळाचाही आधार मिळाला. परंतु भीती एक आणि वर्तन दुसरे, असा प्रकार लवकरच दिसू लागला. १९५८ चा राष्ट्रीय फुटबॉल लीगचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाला, तो देशभर दिसला. न्यूयॉर्ककर मात्र त्याला मुकले. १९७२ च्या डिसेंबरात तोच प्रसंग राजधानी वॉशिंग्टनवर आला. खुद्द अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने केलेली विनंतीही लीगने मानली नाही. सामान्य प्रेक्षकांची वर्षानुवर्षांची तक्रार ज्या विधिमंडळाच्या कानी गेली नव्हती, त्याच्या सदस्यांना स्वतःलाच चटका बसताच १९७३ साली कायदा झाला: सामन्यापूर्वी ७२ तास सर्व तिकिटे खपली असतील तर स्थानिक प्रक्षेपण रोखता येणार नाही. हा कायदा १९७५ अखेर संपला, तरी लीगने तो नियम स्वतःहून पाळला. मात्र त्याच वर्षी संघीय दळणवळण आयोगाने केबल कंपन्यांनाही अशा बंदीचे पालन करणे भाग पाडले.

पुढे काळ फिरला. तिकिटांपेक्षा प्रक्षेपण हक्कांचेच उत्पन्न कितीतरी मोठे झाले. आयोगाच्याच आकड्यांनुसार १९७४ साली लीगच्या निम्म्याहून अधिक सामन्यांवर बंदी आली होती. २०१३ च्या हंगामात ती केवळ दोन सामन्यांवर आली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी आयोगाने आपला नियम एकमताने रद्द केला आणि २०१५ पासून लीगनेही आपले धोरण स्थगित केले. रिकाम्या खुर्च्यांचा बागुलबुवा असा संपला.

बंदी मात्र संपली नाही. तिने दुसरा अवतार घेतला. आता रक्षण करावयाचे होते ते केबलच्या पैशाचे. बेसबॉलच्या मेजर लीगने देशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका संघाच्या नावे लावला आणि त्या प्रदेशातील प्रक्षेपण प्रादेशिक क्रीडा वाहिनीला विकले. लीगच्या इंटरनेट सेवेची वर्गणी भरणाऱ्यालाही आपल्या प्रदेशातील संघ पाहता येईना. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही. राजधानी डी मॉइनपासून जवळचे मैदानही सुमारे तीन तासांच्या वाटेवर आहे. तरीही अनेक वर्षे हे राज्य सहा संघांचे ‘स्थानिक क्षेत्र’ समजले जात होते, आणि त्या सहाही संघांचे सामने तेथील वर्गणीदारांना बंद होते. मैदान दूर म्हणून प्रत्यक्ष जाता येत नाही आणि प्रदेश जवळचा म्हणून पाहता येत नाही, असा हा दुहेरी न्याय!

लॉस एंजेलिसमध्ये तर ज्यांच्या नावाने संघ मिरवतो तेच नागरिक वंचित राहिले. डॉजर्स संघाने टाइम वॉर्नर केबलशी केलेल्या २५ वर्षांच्या, आठ अब्ज डॉलरांहून मोठ्या करारातून २०१४ साली नवी वाहिनी निघाली. तिची किंमत इतर केबल व उपग्रह कंपन्यांना परवडेना, आणि शहरातील निम्म्याहून अधिक घरांना सहा वर्षे आपला संघ दिसला नाही. ६७ हंगाम या संघाचे समालोचन करणारे विन स्कली २०१६ साली निवृत्त झाले. त्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या अनेकांना त्यांचे अखेरचे हंगाम ऐकता आले नाहीत. हा तिढा सुटला २०२० मध्ये.

या व्यवस्थेच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही आहे. हक्क अनन्य नसतील तर त्यांना मोल कोण देणार, आणि मोल नसेल तर खेळाडूंचे वेतन कोठून निघणार, हा प्रश्न खोटा नाही. परंतु हे मोल मुख्यतः खेळ न पाहणाऱ्या ग्राहकाच्या खिशातून निघत होते. वाहिन्यांचा गठ्ठा घेणाऱ्याला क्रीडा वाहिनीचेही पैसे भरावेच लागत. लोक केबल सोडू लागले तसा हा डोलारा हलला. सर्वाधिक प्रादेशिक वाहिन्या चालविणाऱ्या डायमंड कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी बास्केटबॉलमधील फिनिक्स आणि युटा येथील संघ केबल सोडून विनाशुल्क दूरचित्रवाणीकडे परतले. आजचा महसूल राखताना उद्याचा प्रेक्षक गमावतो आहोत, हे त्यांना उमगले असावे.

भारताने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले; २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. २०१७ साली न्यायालयाने त्याची मर्यादाही आखली: हे प्रक्षेपण दूरदर्शनचे स्वतःचे भूस्थित जाळे व विनाशुल्क उपग्रह सेवा यांपुरतेच, खाजगी केबलचालकांसाठी नव्हे. व्यापाराचा हक्क आणि लोकांचा हक्क यांत सीमारेषा काढता येते, हे यावरून दिसते.

अमेरिकेतील कित्येक क्रीडागारे करदात्यांच्या पैशातून उभी राहिली आहेत. उभारणीच्या वेळी ज्याला ‘आपला संघ’ म्हणून साद घातली, त्यालाच प्रक्षेपणाच्या वेळी दाराबाहेर उभे करणे हा केवळ व्यापार नव्हे, तो विश्वासभंग आहे. संघाचे खरे भांडवल त्याच्या गावाचे प्रेम. आणि न दिसणाऱ्यावर प्रेम करण्याची सवय नव्या पिढीला लागेलच, असा भरवसा कोणत्याही करारात लिहून मिळत नाही.