हजेरीपटावर नसलेली माणसे

कारखान्यात वैद्यकीय तपासणी होते, कामावर असलेल्यांच्या छातीची क्ष-किरण चित्रे घेतली जातात, मोजकेच रोगी आढळतात आणि कारखाना निर्धोक असल्याचा निर्वाळा मिळतो. यातील आकडे खोटे असतीलच असे नाही. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही. एका दिवसाच्या पाहणीतून त्या दिवशी हजर असलेल्यांत किती जण आजारी आहेत एवढेच कळते. ज्याला धाप लागली तो केव्हाच काम सोडून गावी गेला. जो दगावला त्याचे नाव हजेरीपटावरून उतरले. तपासणीच्या रांगेत उभे राहतात ते टिकून राहिलेले.

साथरोगशास्त्रातील याहून भरवशाची पद्धत वेळखाऊ असली तरी साधी आहे. जुनी यादी घ्यावी, तीतील प्रत्येकाचा, तो आज कोठेही असो, माग काढावा आणि झालेले मृत्यू अपेक्षित मृत्यूंशी ताडून पाहावेत. न्यूयॉर्क परिसरातील उष्णतारोधक आवरणे बसविणाऱ्या कामगारांचा डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ व सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास असाच होता. १९४२ अखेर यादीत असलेल्या ६३२ जणांचा त्यांनी १९६२ पर्यंत मागोवा घेतला. फुप्फुसाच्या किंवा त्याभोवतीच्या आवरणाच्या कर्करोगाने ६.६ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले. (अपूर्णांकात कोणी मरत नाही, हे खरेच, अपेक्षित संख्या सर्वसाधारण पुरुषांच्या वयवार मृत्युदरांवरून काढली जाते.) अॅस्बेस्टॉसचा हा कर्करोग उघड व्हायला वीस-वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून इतकी जुनी यादी लागली, आणि ती मिळाली कामगारांच्या युनियनच्या दप्तरात!

या तुलनेतही एक मेख आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत अपंग, दीर्घ आजारी, कामाला असमर्थ असे सारेच येतात. कारखान्यात मात्र धडधाकट माणूस निवडून घेतला जातो. त्यामुळे कामगारांचा मृत्युदर नुसता ‘सरासरीइतका’ आढळला, तरी तो संशयास्पदच मानला पाहिजे. ‘आमचे कामगार इतरांइतकेच निरोगी आहेत’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापनाने आपल्याविरुद्धच साक्ष दिलेली असते.

डॉल व हिल यांनी १९५० साली धूम्रपानासंबंधी वापरलेली दुसरी पद्धत अधिक झटपट आहे: फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण, इतर आजारांचे तितकेच रुग्ण, आणि दोघांच्या सवयींची विचारपूस. परंतु रुग्णाने पूर्वी कोठे काम केले हे इस्पितळात कोणी विचारलेच नाही, तर ही पद्धतही मुकीच राहते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांबाबत आदेश दिला: प्रत्येकाची आरोग्य-नोंद कामाच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे, अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. शास्त्राच्या दृष्टीने आदेश अचूक आहे. पण ठेकेदार बदलताच ज्याचे नाव एका वहीतून दुसरीत जाते, किंवा कोणत्याच वहीत येत नाही, त्याची नोंद चाळीस वर्षे कोणी जपायची?