व्यवहार फुकट, माहिती कुणाची?

टपरीवरच्या चहापासून सराफाच्या पेढीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागले आहेत. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने सुट्ट्या पैशांची कटकट मिटवली, हे मान्यच. पण जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग अ‍ॅपवाल्यांची मिळकत कशातून? कर्ज, विमा, जाहिराती यांतून. त्यासाठी आपण कुठे, केव्हा, किती खर्च करतो, ही माहिती मोलाची ठरते. औषधाच्या दुकानातली बिले आजार सांगतात, महिनाअखेरची उसनवारी तंगी सांगते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्येच दिला. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला. पण माहिती देशात राहिली म्हणजे सुरक्षित राहिली, असे थोडेच आहे? ती कोणाकोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे. ती वापरण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. अ‍ॅपने संपर्कयादी मागितली, तर कशासाठी, हे आधी वाचा. कारण पटले नाही, तर सरळ नकार द्या.