उजनीच्या काठचा गाळ आणि पांखरांचीं अंडीं

वैशाखांत उजनीचें पाणी तळाकडे उतरतें आणि भीमाकांठचा शेतकरी गाळाच्या विचारास लागतो. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या ह्या धरणाचा साठा ११७ अब्ज घनफूट. तो ओसरला कीं मैलोगणती कांठ उघडा पडतो. भिगवणास रोहित पाहण्यास येणारी शहरची मंडळी तोंवर बहुतेक परतलेली असते. आमच्या मतें खरें पाहण्याजोगें तें त्यानंतरच.

ह्याच दिवसांत नदी-सुरय उघड्या पडलेल्या उंचवट्यांवर अंडीं घालतो. घरटें म्हणावें तर काडीही नसते. वाळूंत खळगा, त्यांत दोन-तीन ठिपकेदार अंडीं. ट्रॅक्टरवाल्यास तीं दिसत नाहींत हा त्याचा दोष नव्हे. दहा हातांवरून आम्हांसही दिसलीं नाहींत. भर दुपारीं हीं पांखरें पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येतात व अंडीं गार ठेवतात. माणूस जवळ रेंगाळला तर तीं उतरत नाहींत, आणि अंडीं उन्हानें मरतात. हौसेनें पाहणारानेंही हें ध्यानांत धरावें.

गाळ नेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. हलक्या रानास त्याची गरज किती, हें वाचकांस सांगावयास नको. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आहे. परंतु गाळ साचतो खोलगटांत. उंचवट्यावर बहुधा वाळू नाहींतर मुरूम. तो सोडण्यांत शेतकऱ्याचें जातें काय? टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं कीं पाऊस बरा, असें म्हणणारे आपणच. भाकीत खरें ठरो वा न ठरो, अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधावयाचा आणि त्यांवरूनच चाक न्यावयाचें, हें आम्हांस विपरीत वाटतें.

आमची सूचना थोडकी आहे. गाडी उतरविण्यापूर्वीं एके सकाळीं, ऊन चढण्याआधीं, दोघांनीं दुरून पाहावें. पांखरें जेथें वारंवार उतरतात, किंवा जवळ जातांच डोक्यावर येऊन ओरडतात, तेथें चार काठ्या रोवून तेवढा तुकडा सोडावा. गाळपेरीसाठीं नांगर धरणारांनींही तसेंच करावें. कुत्रीं बरोबर नेऊं नयेत. आषाढांत घाटमाथ्याचें पाणी येऊन उंचवटे बुडण्यापूर्वीं बहुतेक पिलें उडून जातात. मग काठ्या आठवणीनें उपटून आणाव्या. नाहींतर कोळ्यांचीं जाळीं त्यांत अडकावयाचीं.