यंत्राचा दांडा कोणाच्या हातात?

आम्ही कॅज्युअल्टीत ड्युटी करत होतो त्या काळात गटारात उतरलेली माणसे स्ट्रेचरवरून यायची. अंगभर काळा चिखल, नाकातोंडात मैला. आम्ही नळाखाली तोंड धुऊन नाडी बघायचो. बहुतेक वेळा नाडी नसायची. बरोबर आलेला भाऊ किंवा मेव्हणा एकच वाक्य बोलायचा, "सिस्टर, आत्ता तर बोलत होता हो." एकदा तिघे एकत्र आले. पहिला साफसफाईला उतरलेला, दुसरा त्याला काढायला गेलेला, तिसरा त्या दोघांना. तिघांचेही केसपेपर "मृतावस्थेत आणले" असे लिहून बंद करावे लागले.

हे का घडते ते प्रत्येक घराने समजून घ्यावे. बंद गटारात मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभरच्या आसपास गेला की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. माणसाला वाटते, वायू गेला. खरे तर तो वाढलेला असतो. प्रमाण आणखी काही पटींनी वाढले की थोड्याच श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीही करत नाही. दारूही करत नाही. काडी पेटवून बघण्यात तर दुसराच धोका आहे, कारण खाली मिथेन असला तर भडका उडतो.

आता लोक म्हणतात, रोबोट आला, प्रश्न मिटला. आम्हांला वाटते, प्रश्न निम्मा मिटला. उरलेला निम्मा प्रश्न यंत्राचा नाही, माणसांचा आहे. त्यावरच हा लेख आहे.

यंत्र कसे चालते ते आधी पाहू. केरळमधील जेनरोबोटिक्स या कंपनीच्या तरुण इंजिनिअरांनी 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये "बँडिकूट" नावाचा रोबोट कामाला लावला. बँडिकूट म्हणजे आपली घूस. मॅनहोलच्या तोंडावर एक स्टँड उभा राहतो आणि त्यातून यंत्र खाली सोडले जाते. त्याला हातपाय आहेत, कॅमेरे आहेत, वायू मोजणारे सेन्सर आहेत. वर रस्त्यावर उभा असलेला माणूस स्क्रीनवर आतले बघतो आणि त्याप्रमाणे यंत्राचा हात चालवतो. गाळ, चिंध्या, प्लास्टिक भरून वर येते. माणूस खाली जात नाही.

या यंत्रामागे एक दुःखद घटना आहे. 2015 मध्ये कोझिकोडला मॅनहोलमध्ये दोन कामगार गुदमरले आणि त्यांना वाचवायला धावलेला रिक्षाचालकही गेला. आमच्या कॅज्युअल्टीतले ते तिघे आणि कोझिकोडचे हे तिघे, गोष्ट एकच.

माणूस बाहेर ठेवून यंत्राच्या हाताने धोक्याचे काम करणे ही कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ या इंजिनिअरने 1940 च्या दशकाच्या अखेरीस असे हात बनवले. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीच्या आत आणि माणूस भिंतीच्या बाहेर. माणूस बाहेरची मूठ हलवी तसा आतला लोखंडी हात हाले. बाहेरच्या हाताला नाव दिले "मास्टर" आणि आतल्याला "स्लेव्ह", म्हणजे मालक आणि गुलाम. असे हात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वापरले जातात. त्या केंद्रापासून मानखुर्द, गोवंडीच्या वस्त्या काही लांब नाहीत. भिंतीच्या आत हात घालून काम करा, असे तिथल्या शास्त्रज्ञाला कोणी सांगत नाही आणि सांगूही नये. मग गटारासाठी असा हात यायला सत्तर वर्षे का लागली? विज्ञान कमी पडले म्हणून नाही. गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि त्याचा जीव यंत्रापेक्षा स्वस्त धरला गेला. लोखंडाला गुलाम म्हणण्यास आमची हरकत नाही. त्या लोखंडाच्या जागी माणूस वापरला गेला, याला हरकत आहे.

आता यंत्र आल्यावर माणसाचे काम काय उरते? थॉमस शेरिडन हे या विषयाचे मोठे अभ्यासक. दूरच्या यंत्रावर देखरेख करणाऱ्या माणसाची त्यांनी पाच कामे सांगितली आहेत. आखणी करणे, यंत्राला काय करायचे ते सांगणे, लक्ष ठेवणे, वेळ आली की मध्ये पडणे, आणि झालेल्या कामातून शिकणे. गटारावर हीच कामे अशी दिसतात. चोकअप कुठे असेल, भरतीची वेळ कोणती, आधी कोणते झाकण उघडायचे. किती खाली सोडायचे, काय पकडायचे. वायूचा आकडा किती झाला. हात अडकला तर केव्हा थांबायचे. आणि शेवटी, इथे दर महिन्याला चिंध्याच का निघतात.

वाचकहो, ही पाचही कामे डोक्याची आहेत. आम्हां नर्सना ती ओळखीची वाटतात. मॉनिटर आणि सिरिंज पंप आपापले काम करतात, पण जबाबदारी आमच्यावरच असते. अलार्म वाजला म्हणून बटण दाबून तो गप्प करणारी नर्स आणि उठून रुग्णाचा चेहरा बघणारी नर्स यांत फरक आहे. गटाराच्या स्क्रीनवरही तसेच. कॅमेऱ्यात अंतराचा नीट अंदाज येत नाही, पकडलेल्या वस्तूचे वजन हाताला कळत नाही, सलग तास बघून डोळे थकतात. अशा वेळी अनुभवच कामी येतो.

आणि तो अनुभव कोणाकडे आहे? वीस वर्षे त्याच लाइनवर काम केलेल्या सफाई कामगाराकडे. झाकण उघडल्यावर पाण्याच्या आवाजावरून चोकअप वर आहे की खाली, हे तो सांगतो. म्हणून आमची पहिली मागणी ही की यंत्राचा दांडा त्याच्या हातात हवा. त्याला रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ऑपरेटरचा पगार आणि कायम नोकरी हवी. पिढ्यान्‌पिढ्या घाणीचे काम आमच्या माणसांकडे होते. आता तेच काम स्वच्छ आणि मानाचे झाल्यावर बाहेरचा ऑपरेटर खुर्चीत बसणार आणि आमचा माणूस झाकण उचलायला उरणार असेल, तर बदलले ते फक्त यंत्र. जात तिथेच राहिली.

दुसरी मागणी थांबवण्याच्या अधिकाराची. वायू वाढला, कॅमेरा बंद पडला, काहीतरी बरोबर वाटत नाही, तर ऑपरेटरने "बंद" म्हटले की काम बंद. मुकादमाने किंवा ठेकेदाराने त्यावर दबाव आणू नये आणि त्याचा रोज कापू नये. हे लेखी हवे.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. वॉर्डात व्हेंटिलेटर बंद पडला तर आम्ही अंबू बॅग हाती घेतो आणि हाताने श्वास देतो. तिथे यंत्र थांबले की माणसाने पुढे व्हायचे असते. गटारावर नियम नेमका उलटा हवा. यंत्र बंद पडले तर दुसरे यंत्र येईपर्यंत काम थांबेल, रस्ता तुंबला तरी चालेल, पण माणूस आत जाणार नाही. "आज मशीन नाही, तू पटकन उतर" या एका वाक्याने माणसे मरतात.

नुसते यंत्र असून भागत नाही, याचा दाखला तिरुवनंतपुरममध्येच आहे. जुलै 2024 मध्ये तिथल्या रेल्वे स्टेशनखालून जाणाऱ्या कालव्यात कचरा काढायला उतरलेला कामगार पावसाच्या पाण्यात वाहून गेला. त्याला शोधायला रोबोट आणले गेले. ज्या शहरात बँडिकूट जन्मला तिथे यंत्र आले ते माणूस गेल्यानंतर.

काही जण म्हणतील, आमच्या गल्लीत हातगाडी शिरत नाही, तिथे रोबोट कुठला? हे खरे आहे. चाळीच्या आणि सोसायटीच्या सेप्टिक टँकला तो रोबोट लागतही नाही. तिथे लांब पाइपची सक्शन गाडी चालते. गाडी रस्त्यावर, पाइप गल्लीत, माणूस बाहेर. यंत्र छोटे असो की मोठे, माणूस बाहेर हाच नियम.

कायदा आपल्या बाजूने आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा लागू झाला तो दिवस 6 डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्याच्या कलम 7 ने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 33 ने यंत्रे वापरण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. पण वाचकहो, भरपाई घ्यायला कोणाची बायको पालिकेच्या दारात उभी राहू नये, यासाठी हे लिहितो आहोत.

घरोघरी एवढे करावे. घरातला कोणी गटाराच्या कामावर असेल तर केंद्राच्या "नमस्ते" योजनेत त्याचे नाव नोंदले आहे का ते पालिकेत विचारा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत आपल्या वॉर्डात किती यंत्रे आहेत, ती चालवतो कोण आणि बंद पडल्यावर काय करतात, हे तीन प्रश्न लिहून अर्ज द्या. सोसायटीने सेप्टिक टँकसाठी माणूस बोलावला तर झाकणापाशी उभे राहून अडवा. आणि कोणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. वरून दोर टाका, लोकांना लांब ठेवा, अग्निशमन दलाला 101 वर आणि रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा. श्वासाचे सिलिंडर लावलेला जवानच आत जाईल. काळीज तुटते, पण त्या तिघांतले दोघे एवढ्या एका गोष्टीने वाचले असते.

जय भीम.