आपल्या घरातल्या चुल्लपंथकाला शाळेत घाला



गेल्या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो. एक सात वर्षांचा मुलगा तिथे उकिडवा बसून सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या लावत होता. आमची जोडी त्यानेच काढून दिली, पण बोलला काहीच नाही. मागून त्याची आई धावत आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. नवरा बाजारात हमाली करतो. "ताई, रागावू नका, तो असाच आहे," म्हणाली. मग हळूच सांगितले, की शाळेत याला घेत नाहीत. मोठे सर म्हणाले, हा मंद आहे, याला मतिमंदांच्या शाळेत घाला. ती शाळा दोन बस बदलून. नेऊन आणून करायचे तर कामावर कधी जायचे?

आम्ही विचारले, "नाही म्हणाले त्याचा कागद दिला का?"

"कागद कसला ताई, तोंडीच सांगितलं."

तोंडी नकारावर हा मुलगा वर्षभर घरी बसला होता. अशी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. कुणाला उशिरा बोलता येते, कुणाला स्वमग्नता आहे, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाचे हातपाय ताठतात. वस्ती त्यांना एकच नाव देते, येडा. नावाने माणसाचे काय होते हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. तरी हे नाव आपल्याच तोंडी असते. आणि खरे बोलायचे तर शाळेच्या आधी आपणच त्यांना मागे ठेवतो. पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत. लग्नाला न्यायचे नाही, सहलीला न्यायचे नाही. मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून काही घरांत तर मूल आहे हेच सांगत नाहीत.

चुल्लपंथकाची कथा आपण ऐकलेली आहे. थोरला भाऊ महापंथक हुशार भिक्षू होता. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. तेव्हा भावानेच सांगितले, तुला हे जमायचे नाही, घरी जा. जीवक वैद्याकडे भोजनाचे निमंत्रण आले तेव्हाही थोरल्याने त्याला मोजलेच नाही. तथागतांनी मात्र त्याला गाठले. पुन्हा तीच गाथा घोकायला लावली नाही. हातात एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला, तो चोळत राहा आणि एवढा एकच शब्द म्हण, असे सांगितले. कापड मळत गेले आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता कळली. पुढे अट्ठकथेत चमत्कार येतो, तो आपण बाजूला ठेवू. आम्हाला महत्त्वाची वाटते ती भोजनाची गोष्ट. जीवक दानाचे पाणी घालायला आला, तेव्हा तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कुणी भिक्षू राहिला तर नाही ना? महापंथक म्हणाला, कुणी नाही. तथागत म्हणाले, आहे. आणि त्याला बोलावणे पाठवले.

आजच्या शिक्षणशास्त्रात ज्याला समावेशित शिक्षण म्हणतात, त्यात या कथेतल्या दोन्ही गोष्टी लागतात. जो मागे राहिला त्याला पंगतीत बोलवायचे, आणि त्याला जमेल त्या रीतीने शिकवायचे. नुसते बोलावून भागत नाही. वर्गात घेतले पण कोपऱ्यात वेगळे बसवले, तर काय होते? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपाई नसला की त्यांना पाणीही मिळत नसे. हजेरीपटावर त्यांचेही नाव होतेच.

आता कायद्याचे पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याने दिला. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. वर्ष सुरू होऊन चार महिने झाले असले तरी नाही म्हणता येत नाही. मूल नऊ वर्षांचे झाले आणि शाळेचे तोंड पाहिलेले नाही, तरी त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागचे भरून काढायला जादा शिकवायचे, असे कायदाच म्हणतो. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड आपली. मोठ्या सरांची नव्हे.

विशेष शाळा वाईट असे आम्ही म्हणत नाही. काही मुलांना तिथेच बरे पडते आणि तिथले शिक्षक जीव ओतून शिकवतात. पण "इथे नको" याचा अर्थ "तिथे जा" असा शाळेने लावायचा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अतितीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकवण्याची सोय मागण्याचा हक्क दिला, तोही पालकांच्या हातात आहे. चालत्याबोलत्या मुलाला "घरीच शिकवू" सांगून कुणी वाटेला लावत असेल तर मान हलवू नका.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. सवलती आणि भत्ते घ्यायला ते लागते. सरकारी रुग्णालयातून ते आणि यूडीआयडी कार्ड अवश्य काढा, हेलपाटे पडले तरी काढा. पण जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत नाव घालायला ते लागत नाही. "आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू," असे कुणी म्हणाले तर प्रवेश आधी मागा.

त्या भगिनीबरोबर आम्ही दुसऱ्या सोमवारी शाळेत गेलो. पानभर अर्ज लिहून नेला होता. मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्गात प्रवेश हवा, आणि शेवटी एक ओळ : प्रवेश नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावे. दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन परत घ्यायची. त्या एका ओळीने काम केले. भांडण झाले नाही. भांडण झालेच असते तर तक्रार पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे लेखी करता येते. तिथे दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. पण सरांनी पाच मिनिटे अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाई, घेतो. पण माझ्याकडे एका वर्गाला एकच शिक्षिका आहे. ती चाळीस पोरं सांभाळेल की याला?"

हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांसाठी पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये पदे ठरवून भरण्यासाठी न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला, यावरूनच काय ते समजा. या मुलाच्या शाळेत फिरते विशेष शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा येतात. तेव्हा मागणी नुसती प्रवेशाची करू नका, शिक्षकाचीही करा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. आपल्या वस्तीतून कितीजण त्या बैठकीला जातात? आम्ही विचारले तेव्हा दोन नावे निघाली.

पहिला महिना कठीण गेला, हे लपवत नाही. घंटा झाली की पोरगा कान झाकून पळायचा. आईला निरोप जायचा. त्या पायी तिचे एक घर सुटले. महिन्याचे दीड हजार गेले, आणि ते कुठलाही कायदा भरून देत नाही. काही पालक शाळेत येऊन बोलले, याच्यामुळे आमची मुले मागे पडतील. बाईंनी त्यांना वर्गात बसून पाहा म्हटले. मग विशेष शिक्षकांच्या सांगण्यावरून बाईंनी थोड्या गोष्टी बदलल्या. त्याला घंटेपासून लांब, पुढच्या बाकावर बसवले. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रे भिंतीवर लावली. एका वेळी एकच सूचना. पाच बेरजांऐवजी दोन. शेजारी एक मुलगी दिली, ती त्याची वही उघडून देते. चित्रांचा तो कागद आता अख्खा वर्ग पाहतो, असे बाई म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र आईनेच पकडली. खिचडी सांडतो म्हणून त्याला जेवणाच्या वेळी ओळीपासून दूर, नळाजवळ बसवत होते. वाईट हेतूने नव्हे, फरशी पुसायला सोपे म्हणून. ती एरवी शाळेत मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "बाई, फरशी मी पुसते. त्याला ओळीत बसवा." दोन दिवस तिने पुसली. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या ताटाखाली वर्तमानपत्र घातले.

परवा विहाराच्या दारात भेटली तेव्हा आम्ही विचारले, कसे चालले आहे? म्हणाली, "सांडतो अजून. पण ताई, त्या पोरीचं नाव घेतो आता. घरी येऊन घेतो."